कॅल्शियम वाहिन्यांचे ‘सहायक’ उपघटक : एका संज्ञेची चिकित्सा

बीजसंज्ञा : चेतापेशी, विभवनियंत्रित कॅल्शियम वाहिनी, सहायक उपघटक, बीटा, अल्फा-२-डेल्टा, गॅबापेंटिन, खारपाण पट्टा

प्रस्तावना

चेतापेशीच्या बाहेरील द्रवात कॅल्शियम आयनांचे प्रमाण पेशीच्या आतील मुक्त कॅल्शियमच्या सुमारे दहा हजार पट असते. हा फरक टिकवून ठेवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करीत असते आणि गरजेच्या क्षणी पेशीपटलातील एक दार काही सहस्रांश सेकंदांपुरते उघडून त्याचा उपयोग करून घेते. चेतातंतूच्या टोकाशी विद्युतविभव बदलला की हे दार उघडते, कॅल्शियम आत येते, चेतापारेषकाने भरलेल्या सूक्ष्म पिटिका पटलाशी एकरूप होतात आणि संदेश पुढील पेशीकडे जातो. या दारालाच विभवनियंत्रित कॅल्शियम वाहिनी असे म्हणतात.

प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र अथवा औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात ही वाहिनी शिकविताना फळ्यावर जे चित्र काढले जाते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मध्यभागी अल्फा-१ हा मोठा उपघटक, चार समान खंडांत विभागलेला व एकूण चोवीस वेळा पटल ओलांडणारा. त्याच्या आतल्या बाजूस बीटा नावाचा एक लहान गोळा, बाहेरच्या बाजूस अल्फा-२-डेल्टा आणि कडेला, कधी असलेला व कधी नसलेला, गॅमा. अल्फा-१ शिकविण्यात दोन तासिका जातात. उरलेल्या तिघांसाठी ‘हे सहायक उपघटक असून ते वाहिनीच्या कार्याचे नियमन करतात’ एवढे एक वाक्य पुरते. प्रस्तुत लेखात या एका वाक्याची चिकित्सा करावयाची आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ‘सहायक’ ही संज्ञा प्रथिनांच्या शुद्धीकरणाच्या प्रयोगातून आली. त्यांच्या कार्याच्या अभ्यासातून ती आलेली नाही. कार्याचा अभ्यास जसजसा होत गेला तसतशी ती अपुरी ठरत गेली, परंतु पाठ्यपुस्तकांतील वाक्य बदलले नाही. हा केवळ शब्दांचा वाद असता तर त्यावर इतकी पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. यांपैकी एका ‘सहायक’ घटकावर काम करणारी औषधे आज बुलडाणा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानांतून नित्य विकली जातात. ती कशावर काम करतात याविषयीची समजूत वर्गातील त्याच एका वाक्यावर उभी आहे.

संज्ञेचा उगम

कॅल्शियम वाहिनीचे पहिले शुद्धीकरण चेतापेशीतून झाले नाही, ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. चेतापेशींत या वाहिन्या संख्येने थोड्या असतात. त्यामुळे संशोधकांनी सशाच्या कंकालस्नायूंकडे मोर्चा वळविला, कारण तेथील आडव्या नलिकांच्या पटलात हे प्रथिन विपुल असते. १९८४ मध्ये कर्टिस व कॅटरॉल यांनी या पटलातून वाहिनीचे शुद्धीकरण केले. हाती आलेल्या मिश्रणातील प्रथिने जेलवर त्यांच्या आकारमानानुसार पट्ट्यांच्या रूपाने वेगळी होतात. या पट्ट्यांना ग्रीक अक्षरे दिली गेली. सर्वांत वरच्या पट्टीस अल्फा म्हटले गेले. मात्र एकाच पट्टीसारख्या दिसणाऱ्या त्या भागात प्रत्यक्षात दोन निरनिराळी प्रथिने आहेत, हे स्पष्ट होण्यास १९८७ साल उजाडले. तेव्हा त्यांची अल्फा-१ व अल्फा-२ अशी विभागणी झाली. त्याच वर्षी अल्फा-१ च्या जनुकाचा अनुक्रम प्रसिद्ध झाला आणि आयनांसाठीचे छिद्र व विभव ओळखणारा भाग हे दोन्ही त्यातच असल्याचे दिसून आले. साहजिकच अल्फा-१ ‘मुख्य’ ठरला आणि त्याच्याबरोबर जेलवर आलेले इतर सर्व ‘सहायक’ ठरले.

हा निष्कर्ष चुकीचा होता असे नाही. छिद्र अल्फा-१ मध्येच आहे, यात आजही शंका नाही. परंतु छिद्र कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे वाहिनी काय करते, या प्रश्नाचे उत्तर नव्हे. शुद्धीकरणाच्या नळीत कोण कोणाबरोबर आले यावरून केलेली वर्गवारी पुढे कार्याची उतरंड म्हणून वाचली गेली. (आपल्या महाविद्यालयांत ‘सहायक’ या शब्दाचा अर्थ ‘कमी काम’ असा कोणी करीत नाही, हे वाचकांस सांगावयास नको.)

या वर्गवारीचा कमकुवतपणा गॅमा उपघटकाच्या बाबतीत उघड झाला. १९९० मध्ये स्नायूंतील गॅमा उपघटकाचे जनुक मिळाले. १९९८ मध्ये, मान वर करून आकाशाकडे पाहत राहिल्यासारखी दिसणारी व अपस्माराचे झटके येणारी उंदरांची एक जात अभ्यासताना, तिच्यातील दोष या गॅमाशी साम्य असणाऱ्या एका प्रथिनात सापडला. त्यास गॅमा-२ असे नाव मिळाले आणि चेतापेशींतील कॅल्शियम वाहिनीचा हरवलेला चौथा भागीदार सापडला असा समज झाला. दोनच वर्षांनी, २००० साली, हे प्रथिन प्रामुख्याने एका वेगळ्याच कामात गुंतलेले आहे असे दिसून आले : ते ग्लुटामेट या पारेषकाच्या अ‍ॅम्पा ग्राहींना पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचविते. २०२१ मध्ये चेतापेशींतील मानवी एन-प्रकारच्या वाहिनीची जी रचना शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने निश्चित करण्यात आली तीत अल्फा-१, बीटा आणि अल्फा-२-डेल्टा एवढे तीनच घटक आहेत. तरीही स्नायूचे चार घटकांचे चित्र चेतापेशीच्या प्रकरणात तसेच छापले जाते, ही बाब आक्षेपार्ह आहे.

बीटा उपघटक : एका निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणे

बीटा उपघटक संपूर्णपणे पेशीच्या आत असतो. सस्तन प्राण्यांत त्याची चार जनुके आहेत. प्रयोगशाळेतील पेशींत केवळ अल्फा-१ व्यक्त केला तर विद्युतप्रवाह क्षीण मिळतो; बीटा सोबत दिला की तो कित्येक पटींनी वाढतो आणि वाहिनी अधिक सहज उघडू लागते. हे निरीक्षण १९९० च्या सुमारास पक्के झाले. प्रश्न होता तो त्याच्या कारणाचा.

१९९४ मध्ये कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेने अल्फा-१ च्या पहिल्या व दुसऱ्या खंडांना जोडणाऱ्या दुव्यामध्ये अठरा अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवून दिला. बीटा येथे चिकटतो. त्याच सुमारास बीटामधील चिकटणारा भागही निश्चित झाल्याचे मानले गेले आणि पुढील दहा वर्षे तो तसाच शिकविला गेला. २००४ मध्ये तीन गटांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे बीटाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तेव्हा असे दिसले की तो मानलेला भाग प्रथिनाच्या गाभ्यात दडलेला आहे व दुव्याला स्पर्शही करीत नाही. प्रत्यक्ष पकड दुसऱ्याच एका खोबणीत होती. पूर्वीच्या प्रयोगांत त्या भागात बदल केल्यावर बंध तुटत असे हे खरे, परंतु ते संपूर्ण प्रथिनाची घडी विस्कटल्यामुळे. भिंत पाडल्यावर छत कोसळले म्हणून छत त्या भिंतीला खिळलेले होते असे म्हणता येत नाही. उत्परिवर्तनाच्या प्रयोगांचे वाचन कसे करावे याचा इतका स्वच्छ धडा दुसरा क्वचितच मिळेल, आणि पदव्युत्तर वर्गात तो अवश्य शिकविला जावा.

दुसरे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. बीटामुळे पृष्ठभागावरील वाहिन्यांची संख्या का वाढते? २००० साली मांडलेल्या स्पष्टीकरणानुसार अल्फा-१ च्या त्याच दुव्यात एक ‘थांबा’ संकेत असतो. तो अल्फा-१ ला आंतर्द्रव्यजालिकेत रोखून धरतो. बीटा येऊन बसला की हा संकेत झाकला जातो व वाहिनीची सुटका होते. हे स्पष्टीकरण सुटसुटीत असल्यामुळे लोकप्रिय झाले. परंतु तो संकेत नेमका कोठे, यावर प्रयोगशाळांचे एकमत होईना. काही प्रयोगांत तर त्या दुव्यात उलट बाहेर पाठविणारा संकेत आढळला. २०११ मध्ये दोन गटांनी वेगळे उत्तर पुढे आणले. बीटा नसताना अल्फा-१ वर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण चिकटविली जाते आणि प्रोटिअझोम त्याचा नाश करतो. बीटा असेल तर अल्फा-१ या नाशापासून वाचतो. निरीक्षण तेच आहे, परंतु पहिल्या स्पष्टीकरणात बीटा कुलूप उघडणारा होता, दुसऱ्यात तो जामीनदार आहे. या दोन भूमिकांत मोठा फरक आहे. जामीनदाराशिवाय मुख्य आरोपी जिवंत राहत नसेल, तर त्यास ‘नियमन करणारा’ एवढेच म्हणणे पुरेसे होईल काय?

येथे एका पद्धतीविषयक दोषाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. या क्षेत्रातील प्रारंभीचे बरेचसे निष्कर्ष झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींवर काढलेले आहेत. ही पेशी मोठी असते, टोचावयास सोपी असते आणि तिच्यात परके प्रथिन उत्तम तयार होते. परंतु १९९७ मध्ये असे दाखविले गेले की या अंडपेशीत तिचा स्वतःचा बीटा उपघटक आधीपासूनच असतो. म्हणजे ज्या प्रयोगांत ‘केवळ अल्फा-१’ असे लिहिले गेले होते त्यांत अल्फा-१ एकटा नव्हताच. बीटाशिवायही वाहिनी बऱ्यापैकी चालते, म्हणून बीटा ‘सहायक’, असा जो तर्क होता त्याचा मोठा आधार येथेच निखळतो. नियंत्रण-प्रयोग खरोखरच रिकामा आहे की नाही, हे तपासल्यावाचून एखाद्या घटकाचे महत्त्व ठरविता येत नाही. आपल्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांतही हीच चूक वेगळ्या रूपात नेहमी भेटते.

जिवंत प्राण्यातील पुरावा मात्र ‘बीटाशिवाय सर्व बंद’ असे म्हणू देत नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९९७ मध्ये ‘लेथार्जिक’ या मंद हालचालींच्या व झटके येणाऱ्या उंदरांत बीटा-४ चे जनुक बिघडलेले आढळले. तथापि त्यांच्या मेंदूतील अनेक पेशींत कॅल्शियम प्रवाह फारसा घटलेला नव्हता, कारण उरलेल्या तीन बीटांपैकी कोणीतरी रिकामी जागा भरून काढीत होता. ही भरपाई पूर्ण नसते. बीटा-२ चा एक प्रकार स्वतःला मेदाम्लाच्या साखळीने पटलाशी बांधून घेतो व त्यामुळे वाहिनी उशिरा बंद होते. बीटा-३ असेल तर ती लवकर बंद होते. म्हणून कोणता बीटा उपलब्ध आहे यावरून एकाच अल्फा-१ ची वाहिनी दोन पेशींत दोन स्वभावांची ठरते. पाठ्यपुस्तकात मात्र चारही बीटा एकाच गोळ्याने दाखविले जातात.

अल्फा-२-डेल्टा : बाहेरचा भागीदार

अल्फा-२-डेल्टा हे नावच संभ्रम निर्माण करणारे आहे. अल्फा-२ व डेल्टा ही दोन प्रथिने एकाच जनुकापासून एका अखंड साखळीच्या रूपाने तयार होतात. नंतर साखळी कापली जाते आणि दोन्ही तुकडे गंधकाच्या बंधांनी जोडलेले राहतात. याचीही चार जनुके आहेत. डेल्टा हा भाग एकदा पटल ओलांडतो असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१० मध्ये लंडन येथील अ‍ॅनेट डॉल्फिन यांच्या गटाने तो पटल ओलांडत नसून एका मेद-शर्करायुक्त नांगराने बाहेरच्या थराशी अडकविलेला असतो, असा पुरावा दिला. म्हणजे हे संपूर्ण प्रथिन पेशीच्या बाहेर आहे. आतील यंत्रणेशी त्याचा थेट संपर्कच नाही. तरीही ते आतून होणाऱ्या वाहतुकीवर परिणाम करते, हे या क्षेत्रातील सर्वांत कुतूहलजनक कोडे होते.

२०२३ मध्ये या कोड्याचा एक भाग सुटला. कॅलिफोर्नियातील डॅनियल मायनर यांच्या गटाने वाहिनी अर्धवट जुळलेली असतानाची रचना पकडली. आंतर्द्रव्यजालिकेतील अनेक प्रथिनांचे एक संकुल नव्या अल्फा-१ व बीटा यांना दाईप्रमाणे धरून ठेवते. अल्फा-२-डेल्टा येऊन अल्फा-१ शी जुळला की या संकुलाची पकड सुटते. दोघांना एकाच वेळी ती जागा घेता येत नाही. म्हणजे अल्फा-२-डेल्टाचे काम वाहिनी पृष्ठभागावर येण्याच्या फार आधी, तिच्या जुळणीच्या वेळीच सुरू होते. पूर्ण झालेल्या वाहिनीच्या चित्रात बाहेरून टेकलेली ही आकृती पाहून हे काम लक्षात येणे शक्यच नव्हते.

या उपघटकाच्या अभावाचे परिणाम ठळक आहेत. ‘डकी’ नावाचे, डुलत चालणारे व झटके येणारे उंदीर अल्फा-२-डेल्टा-२ च्या दोषामुळे तसे होतात, हे २००१ मध्ये समजले. चेतातंतूस इजा झाल्यावर वेदनेच्या चेतापेशींत अल्फा-२-डेल्टा-१ चे प्रमाण अनेक पटींनी वाढते, हेही त्याच वर्षी उंदीरवर्गीय प्राण्यांत दिसले. २०१२ मध्ये असे दाखविले गेले की चेतासंधीच्या टोकाशी किती वाहिन्या असाव्यात आणि पारेषक सुटण्याची शक्यता किती असावी, हे ठरण्यात याच घटकाचा हात आहे. छिद्राचा मालक अल्फा-१ असला तरी दारे किती व कोठे बसवावयाची, हा निर्णय बऱ्याच अंशी येथे होतो.

येथपर्यंतचा युक्तिवाद ‘सहायक’ या शब्दाविरुद्ध जातो. परंतु अलीकडे दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही दिसू लागली आहे, तिचीही दखल घेणे प्राप्त आहे. २००९ मध्ये अल्फा-२-डेल्टा-१ हा थ्रोम्बोस्पाँडिन या प्रथिनाचा ग्राही असून नव्या चेतासंधी तयार होण्यास तो कारणीभूत ठरतो, असे मांडले गेले. २०१८ मध्ये तो एनएमडीए ग्राहींशी संलग्न होतो असे प्रतिपादन झाले. २०२१ मध्ये तीन अल्फा-२-डेल्टा एकाच वेळी नसलेल्या चेतापेशींत उद्दीपक चेतासंधींची बांधणीच कोलमडते, असे निष्पन्न झाले. या सर्वांवरून काही परीक्षणलेखांत असा सूर उमटतो की हा घटक मुळात कॅल्शियम वाहिनीचा नाहीच, तो चेतासंधीचा शिल्पकार आहे आणि वाहिनीशी त्याचा संबंध जवळपास आनुषंगिक आहे. आम्हांस हा सूर मान्य नाही. तीन जनुके एकदम काढून टाकलेल्या पेशीत वाहिन्याही नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे बांधणी कोसळण्याचे श्रेय यांपैकी कशाला द्यावयाचे, हे त्या एका प्रयोगावरून वेगळे काढता येत नाही. बीटाच्या संदर्भात वर उल्लेखिलेला भिंत व छताचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. एक प्रथिन दोन कामे करू शकते. गॅमा-२ च्या वेळी झालेला गोंधळ उलट्या दिशेने पुन्हा करण्याचे कारण नाही.

लाल विंचवाच्या विषाचा दाखला

हा मुद्दा वर्गात पटवून द्यावयाचा असल्यास आपल्या परिसरातील एक उदाहरण उपयोगी पडते. महाराष्ट्रातील लाल विंचू सर्वांस परिचित आहे. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करून असंख्य प्राण वाचविले. याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये सदतीस अमिनो आम्लांचे एक विष वेगळे करण्यात आले. त्यास आयबेरिओटॉक्सिन म्हणतात. ते कॅल्शियम वाहिनीवर काम करीत नाही; तिच्यातून आलेल्या कॅल्शियममुळे उघडणाऱ्या, तिच्याच शेजारी असलेल्या एका पोटॅशियम वाहिनीचे तोंड ते बुचासारखे बंद करते. स्नायूंतील ही वाहिनी या विषाने सहज बंद होते. चेतापेशींत याच छिद्राच्या सोबतीला बीटा-४ नावाचा उपघटक असतो (नामसाम्य असले तरी वर उल्लेखिलेल्या बीटाशी त्याचे नाते नाही), आणि तो असला की त्या वाहिनीवर विषाचा प्रभाव जवळपास चालत नाही, हे २००० साली सिद्ध झाले. छिद्र तेच, विषही तेच. परिणाम मात्र शेजारी कोण आहे यावर ठरतो. विद्यार्थ्यांस एवढे सांगितले तरी ‘सहायक’ या शब्दाची मर्यादा त्याच्या ध्यानात येते.

औषधाचे नाव, त्याचे लक्ष्य आणि आपला जिल्हा

गॅबापेंटिन हे औषध १९७० च्या दशकात जर्मनीत तयार झाले. मेंदूतील गाबा या शामक पारेषकासारखा, परंतु मेंदूत सहज शिरू शकणारा रेणू बनवावा, असा हेतू होता. नावही त्यावरूनच पडले. १९९३ च्या अखेरीस अमेरिकेत अपस्मारावर त्यास मान्यता मिळाली. प्रत्यक्षात ते गाबाच्या ग्राहींना चिकटत नाही. ते कोठे चिकटते हे मान्यतेनंतर, १९९६ मध्ये, डुकराच्या मेंदूतून ते प्रथिन वेगळे केल्यावर कळले : अल्फा-२-डेल्टा. २००४ च्या अखेरीस त्याच जातीच्या प्रीगॅबालिनला मान्यता मिळाली. २००६ मध्ये अल्फा-२-डेल्टा-१ मधील २१७ व्या स्थानावरील एकच अमिनो आम्ल बदललेल्या उंदरांवर या औषधांचा वेदनाशामक परिणाम नाहीसा झाला. एखाद्या औषधाच्या लक्ष्याविषयी यापेक्षा निर्णायक पुरावा सहसा मिळत नाही. २००८ मध्ये डॉल्फिन यांच्या गटाने दाखविले की गॅबापेंटिन पेशींवर क्षणभर ओतल्यास प्रवाहावर परिणाम होत नाही; पेशी बराच काळ त्यात राहिल्या तर पृष्ठभागावरील वाहिन्या घटतात. हे औषध उघडे दार बंद करीत नाही, ते नवी दारे बसविण्याचे काम मंद करते.

परंतु वर्गातील समजूत याच्या दोन्ही बाजूंनी चुकते. काही विद्यार्थी नावावरून ते गाबाचे औषध मानतात. काही जण, लक्ष्य कॅल्शियम वाहिनी आहे असे वाचून, ते ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ म्हणजे रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या रांगेत बसवितात. अ‍ॅम्लोडिपिन अल्फा-१ वर काम करते. या दोन औषधांतील फरक समजावून सांगावयाचा तर अल्फा-२-डेल्टा म्हणजे काय हे आधी सांगावे लागते, आणि तेथे आपल्याजवळ एकच वाक्य असते. रुग्णांच्या पातळीवर तर गोंधळ आणखी सोपा आहे : ‘कॅल्शियम’ शब्द कानावर पडला की ही हाडांची गोळी आहे असे समजले जाते.

या औषधांची उपयुक्तता खरी आहे, पण मर्यादित आहे. २०१७ च्या कॉक्रेन परीक्षणानुसार नागिणीनंतरच्या वेदनेत गॅबापेंटिनमुळे १०० पैकी ३२ रुग्णांची वेदना निम्म्याहून अधिक कमी झाली. निष्प्रभ गोळीने हेच १७ जणांत घडले. मधुमेही चेताविकारात हे आकडे अनुक्रमे ३८ व २१ होते. त्याच वर्षी २०९ सायटिका रुग्णांवरील चाचणीत प्रीगॅबालिनचा निष्प्रभ गोळीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही, दुष्परिणाम मात्र अधिक दिसले. मान्यता नसलेल्या उपयोगांसाठी गॅबापेंटिनचा प्रचार केल्याबद्दल संबंधित कंपनीने अमेरिकेत २००४ मध्ये गुन्हा कबूल करून ४३ कोटी डॉलर भरले, हा इतिहासही औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावा. कंबरदुखी, गुडघेदुखी, अंगदुखी या सर्वांवर एकच गोळी चालते असे मानण्यास या पुराव्यात आधार नाही. निंदणी-खुरपणीने कंबर धरलेल्या शेतमजुराची प्रत्येक वेदना ही चेतातंतूच्या इजेची वेदना नसते.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग याच्या पुढे आहे. ही दोन्ही औषधे यकृतात विघटित होत नाहीत. ती जशीच्या तशी मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे दुबळी असतील तर नेहमीच्या मात्रेनेही औषध रक्तात साचत जाते; गुंगी, तोल जाणे, स्नायूंना अकस्मात झटके बसणे, बेशुद्धी आणि कधी श्वसन मंदावणे असे परिणाम होतात. आता बुलडाणा जिल्ह्याचा उत्तर भाग पाहावा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील गावांतून मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराचे रुग्ण वर्षानुवर्षे पुढे येत आहेत आणि त्यावर वृत्तपत्रांतून वारंवार लिहिले गेले आहे. ज्या भागात मूत्रपिंडांविषयी अशी शंका आहे त्याच भागात, मधुमेहाने पाय जळजळणाऱ्या वा कंबर दुखणाऱ्या रुग्णाच्या हाती केवळ मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारे औषध दिले जाते. त्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनीन तपासले गेले आहे काय, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

प्रीगॅबालिनच्या मात्रेविषयीची सूचना स्पष्ट आहे. क्रिएटिनीन निष्कासनाचा वेग मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली गेला की मात्रा निम्मी करावयाची, ३० च्या खाली गेला की पुन्हा निम्मी आणि १५ च्या खाली पुन्हा निम्मी. परंतु बाजारात हे औषध अनेकदा मिथाइलकोबालामिनबरोबर एकाच गोळीत मिळते, आणि जोडगोळीत दोन्हींचे प्रमाण आधीच ठरलेले असते. ‘जीवनसत्त्वाची गोळी आहे, शिरांना ताकद देते’ असे सांगून दिलेल्या गोळीची मात्रा मूत्रपिंडांच्या अवस्थेनुसार कमी करावी लागते, हे रुग्णाला तर नाहीच, देणाऱ्यालाही अनेकदा सुचत नाही. वर्षभर घेतलेली गोळी एकाएकी थांबविणेही योग्य नाही. अपस्माराच्या रुग्णांत त्यामुळे झटके येऊ शकतात, इतरांत झोप उडणे, घाम व अस्वस्थता जाणवते. ती वैद्याच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते.

आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारे विज्ञान पदवीधर व औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी यांपैकी कित्येक जण पुढे याच तालुक्यांतील औषध दुकानांच्या गल्ल्यामागे उभे राहतात. परीक्षेत त्यांना ‘कॅल्शियम वाहिनीचे सहायक उपघटक सांगा’ हा दोन गुणांचा प्रश्न येतो आणि चार ग्रीक अक्षरे लिहून ते दोन्ही गुण मिळवितात. त्याऐवजी ‘गॅबापेंटिन व अ‍ॅम्लोडिपिन यांची लक्ष्ये वेगळी का, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णास यांपैकी कोणत्या औषधाची मात्रा बदलावी लागते?’ असा पाच गुणांचा प्रश्न घालण्यास विद्यमान अभ्यासक्रमात कोणताही अडथळा नाही.